वानखेडे मॅडमची स्थळपाहणी

मार्च महिना लागला की आमच्या शेजारच्या वानखेडे मॅडम घरातलं सगळं संपवायला घेतात. डब्याच्या तळाशी राहिलेली तूरडाळ, मऊ पडलेले पापड, बरणीतला शेवटचा खार, दिवाळीत कुणीतरी दिलेल्या उदबत्त्या. उदबत्त्या तर त्या मूठ मूठ लावतात. एकदा मजल्यावर इतका धूर झाला की वॉचमन वाळूची बादली घेऊन धावत वर आला. मॅडम दारात शांतपणे उभ्या होत्या.

"आग नाही. शिल्लक खर्ची टाकतेय," त्या म्हणाल्या.

वॉचमनला काही कळलं नाही. मलाही पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. मग कळलं की बाईंची सगळी नोकरी जिल्हा नियोजनाच्या ऑफिसात गेली. जिल्ह्याला विकासासाठी मिळालेला पैसा कुठल्या कामाला द्यायचा, त्याचे कागद त्यांच्या टेबलावरून जायचे. मार्चअखेर जो पैसा खर्च झाला नाही तो सरकारजमा. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण मार्चमध्ये भरलेला डबा दिसला की त्यांना अजून घाम फुटतो. एक एप्रिलला सकाळी त्या पिशवी घेऊन बाजारात जातात आणि सगळं नवं भरतात. चेहरा असा की जणू नवं सरकार आलंय.

त्यांच्याकडे काही मागायला जायचं म्हणजे तयारी करून जावं लागतं. माझी बायको नीता एकदा विरजण मागायला गेली.

"उद्देश?" मॅडमनी विचारलं.

"दही लावायचंय, मॅडम."

"ते झालं. लाभार्थी किती?"

नीता हसत हसत परत आली, पण विरजण घेऊन आली. मॅडम नाही कधी म्हणत नाहीत. फक्त तुमचा सहभाग विचारतात. 'लोकसहभाग' हा त्यांचा सगळ्यात आवडता शब्द. आम्हाला जेवायला बोलावतात, ज्वारीची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत असा अकोल्याकडचा झकास बेत असतो, पण कांदा आम्ही चिरून न्यायचा. "सगळं आयतं दिलं की माणूस योजनेला आपली म्हणत नाही," असं त्यांचं शास्त्र.

मॅडम बुटक्या. सुती साडीवर पोरांचे असतात तसले स्पोर्ट्स शूज घालतात आणि बारा महिने हातात छत्री. ती छत्री मी पावसात उघडलेली फारशी पाहिली नाही. ती बोट दाखवायला असते. पौर्णिमेला पांढरीशुभ्र साडी नेसून विहारात जातात तेव्हासुद्धा खाली तेच शूज. लग्न केलेलं नाही. भाऊ आणि भाचे तिकडे अकोल्यात. घरात एकट्या. टीव्ही नाही. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या डोंगराकडे बघत बसतात. पुस्तक नाही, फोन नाही, नुसत्या बसतात. नीता म्हणायची, एवढं काय बघतात रे?

आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला अगदी शेवटी आहे. आमच्या मागच्या भिंतीपासून डोंगर सुरू होतो, आणि तो डोंगर जंगलाचा. वरून एक ओढा येतो आणि आमच्या कंपाउंडला खेटून पुढे गटाराला मिळतो. पावसाळ्यात तो रात्रंदिवस गर्जत असतो. दिवाळीनंतर नुसती खाच उरते, तिच्यात प्लास्टिकच्या बाटल्या आणि वरच्या मजल्यांवरून टाकलेल्या पिशव्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला वारल्यांचा छोटा पाडा आहे. तिथली विहीर थंडी सरता सरता आटायची, मग पाड्यातल्या बायका हंडे घेऊन आमच्या पंपरूमजवळच्या नळावर यायच्या. कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग ठक्करभाई सोसायटीचे चेअरमन झाले.

ठक्करभाई माणूस वाईट नाही. गाडीवेडा आहे. त्यांनी आल्या आल्या नळाला कुलूप घातलं, कारण हंडे ठेवायच्या जागेत एक गाडी बसते. आणि त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी ओढ्यावर स्लॅब टाकून पार्किंग करायचा ठराव मांडला. मी सेक्रेटरी, त्यामुळे लिहून घेत होतो. सगळे खूश. तेवढ्यात मागच्या रांगेतून छत्री वर आली.

"ठक्करभाई, हा ओढा कुणाचा?"

"अपनाच तो है, मॅडम. कंपाउंडला लागून आहे ना."

"प्रॉपर्टी कार्डावर आहे?"

ठक्करभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नव्हता.

"ओढा सरकारचा," मॅडम म्हणाल्या. "वरचा डोंगर वनखात्याचा. पाणी पाड्याचंसुद्धा. खाली आपण, कचरा टाकणारे. एवढे भागीदार असताना तुम्ही एकटेच स्लॅब काऊन टाकता?"

एरवी मॅडम ऑफिसच्या मराठीत बोलतात. वऱ्हाडी 'काऊन' आलं म्हणजे पारा चढला, हे मला ठाऊक होतं. मी लिहायचं थांबवलं.

त्यांनी तिथेच उभं राहून सांगितलं. जिल्ह्याच्या नियोजनात अशा संवर्धनाच्या कामांना पैसा असतो. वर डोंगरात ओढ्यावर दगडांचे छोटे बांध घालायचे, म्हणजे पावसाचं पाणी थांबून जमिनीत मुरेल आणि पाड्याची विहीर टिकेल. खालचा ओढा आपण साफ करायचा आणि साफ ठेवायचा. वनखात्यानं परवानगी आणि देखरेख द्यायची, जिल्ह्यानं पैसा, आणि अंगमेहनत पाडा आणि सोसायटी यांची. "लोकसहभाग," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"और पार्किंग?" ठक्करभाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

"चालत जा. वजन कमी होईल."

सभा हसली आणि त्या हसण्यात ठराव बुडाला.

पुढचं जवळजवळ वर्ष मी मॅडमच्या मागे फिरण्यात घालवलं. सेक्रेटरीची सही लागते म्हणून मी. वनखात्याचं ऑफिस, वॉर्ड ऑफिस, आणि बांद्र्याला मॅडमचं जुनं ऑफिस. तिथे त्या शिरल्या तेव्हा दोन-तीन जण उठून उभे राहिले. त्यांच्या जुन्या टेबलावर आता एक तरुण मुलगी होती. आमचा प्रस्ताव तिच्याकडे दिला. ती पानं उलटायच्या आत मॅडमनीच बोलायला सुरुवात केली.

"यात नकाशा स्पष्ट नाही. देखभालीचा खर्च पुढे कोण करणार ते नीट लिहिलेलं नाही. आणि हे वाक्य बघा, 'पाणीपातळी वाढेल'. कशावरून? मी असते तर परत पाठवला असता."

ती मुलगी बावरली. "मॅडम, मी घेतेय ना. तुम्हीच का नाकारताय?"

मॅडमनी प्रस्ताव खरंच परत घेतला. मी डोक्याला हात लावला. पंधरवड्यानं सगळं सुधारून आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग पालकमंत्र्यांची बैठक. प्रत्येक टप्प्यावर मला वाटायचं, वाट लागली, आता हे इथेच अडकणार. मॅडम मात्र निवांत. "कागदाला त्याच्या चालीनं चालू द्यायचं, सावंत. ढकललं की तो बसतो."

पैसा मंजूर झाला. दिवाळीनंतर ओढा आटला आणि काम सुरू झालं. वनखात्याच्या देखरेखीखाली गवंडी बांध घालायचे आणि रविवारी आम्ही दगड वाहायचो. ठक्करभाईसुद्धा आले, पांढरे बूट घालून. त्यांनी फावडं असं धरलं होतं की पाड्यातली भागीबाई पोट धरून हसली.

ही भागीबाई म्हणजे पाड्याची पुढारी. साठी ओलांडलेली, काटक, कुणाचंही ऐकून न घेणारी. पहिल्या दिवशी ती आम्हाला डोंगरात चढूच देत नव्हती.

"कागद झाले, फोटो झाले, आता दगड," ती म्हणाली होती. "मागं पण लोक आलेले. झाडं लावून गेलेले, तार लावून गेलेले."

"ठाऊक आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यांना पैसा माझ्याच टेबलावरून गेला."

भागीबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग तू कधी आली नाही ती?"

मॅडमनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "पाणी आहे का प्यायला?" भागीबाईनं पाणी दिलं आणि वाट सोडली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. म्हणजे दोघी सारख्या भांडायच्या, पण भांडायला एकमेकींनाच शोधायच्या.

मला मात्र तो प्रश्न टोचत राहिला. एका रविवारी काम आटोपून उतरताना मॅडम एका खडकावर टेकल्या. बाकीचे पुढे गेले. मीही बसलो आणि विचारलं, "मॅडम, खरंच तुम्ही कधी साईटवर गेला नाहीत?"

"कधीच नाही," त्या म्हणाल्या. "पाहणीला साहेब लोक जायचे, जीपमधून. सुरुवातीला बायकांना पाठवत नसत. नंतर पाठवायला लागले, तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळलेली. ऑफिस सुटलं की क्वार्टरवर पळायचं. किती बागा, किती तळी, किती किनारे माझ्या हाताखालून गेले, सावंत. सगळे कागदावर. आई गेली तोवर सवयच मोडली होती. कुठे जायचं म्हटलं की पाय उचलायचा नाही."

मग त्या ओढ्याकडे बघत सांगू लागल्या. वनखात्यात साळवी म्हणून एक जण होते. या डोंगरातली कामं त्यांच्याकडे. काम झालं की पैसा त्याच कामाला लागला असं लिहून द्यावं लागतं, त्याला उपयोगिता प्रमाणपत्र म्हणतात. ते साळवींकडून कधीच वेळेवर यायचं नाही. मग मॅडम फोन करायच्या.

"मी म्हणायची, साळवी, उपयोगिता प्रमाणपत्र कधी पाठवता? तो माणूस त्याचं उत्तरच द्यायचा नाही. म्हणायचा, बाई, आत्ताच डोंगरावरून उतरलो. ओढ्याच्या वळणावर एक पळसाचं रोप आहे, त्याला यंदा पहिल्यांदा फूल आलं. किंवा म्हणायचा, आज भेकर दिसलं, पिलू होतं बरोबर. मी इकडे फायलींच्या ढिगात बसलेली. पंखा करकरतोय, शेजारी साहेब ओरडतायत. आणि कानात हा डोंगर."

"भेटलात कधी?"

"नाही. भेटण्यासारखं काम नव्हतं." त्या हसल्या. "दरवर्षी म्हणायचा, बाई, एकदा पाहणीला या, सगळं दाखवतो. मी म्हणायची, बघू. एके वर्षी फोन केला तर दुसराच आवाज. म्हणाला, साळवी रिटायर होऊन गावी गेले. मला सांगितलं नव्हतं त्यांनी. सांगायचं काही कारणही नव्हतं म्हणा."

मग त्या म्हणाल्या, "माझ्या रिटायरमेंटला ऑफिसमधल्या सगळ्यांनी कल्याण-पनवेलला घरं घेतली. मला एजंट म्हणाला, मुलुंडला एक छोटा फ्लॅट आहे, पण पार शेवटी, डोंगराला लागून. मी घर बघितलं नाही. गॅलरी कुठे उघडते तेवढं विचारलं."

"मग साळवींचा पत्ता काढायचा होता, मॅडम. ऑफिसात मिळाला असता."

"कोणत्या उद्देशानं?" त्यांनी विचारलं. एरवी या प्रश्नात मिश्कीलपणा असतो. या वेळी त्या खरंच विचारत होत्या. त्या उठल्या, साडी झटकली आणि छत्री टेकत उतरू लागल्या.

त्यानंतर पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. नीताला मात्र सांगितलं. त्या संध्याकाळी ती बराच वेळ आमच्या गॅलरीतून शेजारच्या गॅलरीकडे बघत उभी होती. एवढं काय बघतात, हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

बांध पुरे झाले. पुढचा पावसाळा आला आणि गेला. दिवाळी गेली, थंडी सरली आणि विहिरीत पाणी राहिलं. भागीबाईनं खाली निरोप पाठवला की आता तुमचा नळ तुमच्यापाशी ठेवा. ठक्करभाईंनी कुलूप स्वतः काढलं आणि वर पाड्यावर जाऊन, नळ उघडाच राहील, कधीही या, असं सांगून आले. भागीबाईनं त्यांना करवंदाचं लोणचं दिलं. गाडी अजून रस्त्यावर लावतात, पण कुरकुर कमी झाली आहे.

फेब्रुवारी सरता सरता वनखात्याचा एक अधिकारी झालेलं काम बघायला आला. भोईर नावाचा, चाळिशीतला, हसऱ्या तोंडाचा. सोसायटीची आठ-दहा माणसं, पाड्यातल्या बायका, आम्ही सगळे ओढ्याच्या वळणापर्यंत चढलो. बांधामागे पाणी साचलेलं होतं, फार नाही, पण मार्चच्या तोंडावर तेवढंही कुणी पाहिलं नव्हतं. मॅडम छत्रीनं भोईरला बांध दाखवत होत्या. नंतर त्या पाण्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि मी भोईरला हळूच विचारलं, "तुमच्याकडे पूर्वी साळवी म्हणून कोणी होते का?"

"साळवी काका?" भोईरचा आवाज मोठाच. "अहो, माझ्या पहिल्या पोस्टिंगला त्यांनीच मला जंगल शिकवलं. कुडाळला असतात आता. तुम्ही ओळखता? थांबा, लावतो ना फोन."

मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं लावलासुद्धा, तोही स्पीकरवर. साळवी हे नाव मॅडमनी ऐकलं होतं. त्या वळल्या. कडक उन्हातही त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला.

पलीकडून बाईचा आवाज आला. "हॅलो, कोण?"

"काकी, मी भोईर, मुलुंडवरून. काका आहेत का? इथे एक मॅडम आहेत, त्यांना बोलायचंय." आणि त्यानं फोन मॅडमच्या हातात दिला.

मॅडमनी तो दोन्ही हातांत धरला. "मी वानखेडे," त्या कशाबशा म्हणाल्या. "जिल्हा नियोजन."

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "नियोजनातल्या वानखेडे बाई? अगो बाय माझे. तुमचा नाव ह्या घरात किती वर्सां ऐकतंय मी. थांबा, देतंय तेंका. तेंका ऐकाक कमी येता, जरा मोठ्यान् बोला हां."

खुर्ची सरकल्याचा आवाज, मग खोकला. "कोण?"

"वानखेडे," मॅडम म्हणाल्या.

"कोण, वाडकर?"

"वानखेडे. नियोजनमधून."

"नियोजन? माझा काय नियोजन आता? पेन्शन वेळेर येता, भाकरी वेळेर मिळता."

कुणीतरी हसलं. भागीबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं आता फोन परत देतील. पण त्यांनी मान ताठ केली आणि ज्या आवाजात त्या आयुष्यभर ऑफिसात बोलल्या असतील त्या खणखणीत आवाजात, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं विचारलं, "साळवी, उपयोगिता प्रमाणपत्र कधी पाठवता?"

फोन कट झाला असं भोईरला वाटलं आणि त्यानं हात पुढे केला. मग हसू ऐकू आलं. म्हाताऱ्या माणसाचं, दम लागलेलं, मधेच खोकल्यात अडकणारं आणि पुन्हा सुरू होणारं हसू.

"बाई," तो आवाज म्हणाला. "बाई, तुम्ही?"

"हो."

"खंयसून बोलतास?"

"ओढ्यावरून. वळणाच्या. पाहणीला आले."

मी पुढे झालो आणि त्यांच्या हातातल्या फोनचा स्पीकर बंद केला. भागीबाईकडे चहा आहे, चला, असं सगळ्यांना म्हणालो. ठक्करभाई सर्वांत आधी वळले. भोईर जरा घुटमळला. "माझा फोन," तो म्हणाला.

"मिळेल. चहा घेऊ या आधी."

आम्ही पाड्याच्या वाटेला लागलो. स्पीकर बंद करून तसा काही उपयोग झाला नव्हता, कारण पलीकडच्या माणसाला ऐकू कमी येत होतं आणि मॅडमना ओरडूनच बोलावं लागत होतं. कुणी मागे वळून पाहिलं नाही. सगळे आपापसात काहीबाही बोलत चालले होते, ठक्करभाई तर लोणच्याबद्दल फारच मोठ्यानं. तरी मधूनमधून मागून त्यांचा आवाज येत राहिला.

"पाणी आहे... हो, बांधामागे... एक वासरू आलंय प्यायला." मग बराच वेळ काही नाही. मग, "पळस? थांबा, बघते." आणि मग, "आहे. फुललाय. नाही हो, रोप कसलं आता. तुम्ही सांगायचात त्याहून पुष्कळ मोठा झालाय."